लाल दिव्याचं कोडं

दोस्तांनो, समजा तुम्ही आई-बाबांबरोबर गाडीने पाचगणीला निघाला आहात. वाई मागे पडली, पसरणी घाट सुरू झाला. तुम्ही मागच्या सीटवरून पुढे डोकावताय, तोच डॅशबोर्डवरचा एक लाल दिवा लुकलुकतो. वळण संपलं की विझतो, पुढचं वळण आलं की पुन्हा पेटतो! बाबा हँडब्रेककडे बघतात. तो तर पूर्ण खाली आहे. "वायर लूज झाली असेल," असं म्हणून ते गाडी तशीच पुढे दामटतात.

बाबांचं बरोबर आहे का? थांबा, उत्तर लगेच सांगत नाही. आधी थोडी गुप्तहेरगिरी करू या.

हँडब्रेक म्हणजे दोन सीटच्या मधला दांडा. तो वर ओढला की पोलादी केबल ताणली जाते आणि बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांचे ब्रेक आवळले जातात. यात विजेचं काही काम नाही. वीज लागते ती फक्त आठवण करून द्यायला! दांड्याच्या बुडाशी एक छोटं बटण असतं. फ्रिजच्या दाराशी असतं ना, अगदी तसंच. दार लागलं, बटण दाबलं गेलं, की फ्रिजमधला दिवा बंद. इथेही दांडा खाली गेला की बटण दाबलं जातं आणि लाल दिवा विझतो.

आता विजेचा रस्ता बघा. १२ व्होल्टची बॅटरी, मग फ्यूज, मग दिवा, मग बटण. पण परत जायला वेगळी वायर नाही! गाडीचा लोखंडी सांगाडाच परतीच्या वायरचं काम करतो. मेकॅनिककाका याला 'अर्थ' म्हणतात. म्हणूनच दिव्यापासून बटणाकडे जाणारी वायर कुठे घासून उघडी पडली आणि पत्र्याला टेकली, तर हँडब्रेक खाली असतानाही दिवा पेटून राहतो. फ्यूज मात्र उडत नाही, कारण वीज आधी दिव्यातून जाऊन आलेली असते. आहे की नाही गंमत?

आणखी एक भानगड आहे. बऱ्याच गाड्यांत याच दिव्याला दुसरंही बटण जोडलेलं असतं. ते असतं बॉनेटखाली, ब्रेक ऑइलच्या डबीत. ऑइल कमी झालं की त्यातला तरंगता गोळा खाली येतो आणि दिवा पेटतो. म्हणजे दिवा एक, संशयित अनेक!

चोर पकडायचा कसा? हे काम मेकॅनिककाकांचं, तुम्ही शेजारी उभं राहून बघा. गाडी सपाट जागी हवी, चाकांखाली दगड हवेत, इंजिन बंद, पण किल्ली फिरवलेली हवी.

१. सगळ्यात आधी ब्रेक ऑइलची पातळी बघायची. ती डबीवरच्या दोन खुणांच्या मध्ये हवी.

२. ऑइल ठीक आहे? मग हँडब्रेकच्या बटणाची वायर काढायची. दिवा विझला, तर बटण अडकलंय किंवा दांडा पूर्ण खाली जात नाही.

३. तरीही पेटलेलाच? ऑइलच्या डबीवरची वायर काढायची. आता विझला, तर दोष तिथल्या बटणाचा.

४. अजूनही पेटलेला? मग वायर कुठेतरी पत्र्याला टेकली आहे.

आणि उलटं झालं तर? म्हणजे हँडब्रेक ओढलाय, पण दिवा लागतच नाही. तेव्हा हँडब्रेकच्या बटणापासून काढलेली वायर उघड्या पत्र्याला टेकवायची. दिवा लागला, तर बटण खराब. नाही लागला, तर दिवा, फ्यूज किंवा वायर तपासायची.

नव्या गाड्यांमध्ये दांड्याऐवजी बोटाएवढं बटण आलंय. तिथे ब्रेक आवळायला विजेवरची मोटर असते. अशा गाडीत बॅटरी अशक्त झाली तरी दिवा तक्रार करतो. तिथे वायरी काढून बघायच्या नाहीत. स्कॅनर जोडून गाडीच्या कॉम्प्युटरलाच विचारायचं, "बाबा रे, दुखतंय कुठे?"

घरी करून बघायचंय? दीड व्होल्टचे दोन सेल, टॉर्चचा छोटा दिवा, थोडी वायर आणि स्टीलची एक ताटली घ्या. सेलचं एक टोक ताटलीला, दुसरं दिव्याला जोडा. दिव्याच्या दुसऱ्या टोकाला दोन वायरी लावा. त्यांतली कोणतीही ताटलीला टेकवा, दिवा लागेल! घरातल्या प्लगला मात्र हात लावायचा नाही हं.

आता पुन्हा पसरणी घाटात या. वळणावरच दिवा का लुकलुकतो? हातात पाण्याचा पेला घेऊन गाडीत बसलात, तर वळणावर पाणी एका बाजूला कलतं ना? डबीतलं ऑइलही तसंच कलतं. ते कमी झालेलं असेल, तर तरंगता गोळा वळणावर खाली जातो, सरळ रस्त्यावर पुन्हा वर येतो.

वायर लूज असूही शकेल. पण ऑइल गळत असेल किंवा ब्रेक झिजले असतील, तर? घाट उतरताना ब्रेक दगा देईल! म्हणून गाडी सुरक्षित जागी थांबवून आधी डबी बघायची. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली असेल, तर पुढे न जाता मेकॅनिकला बोलवायचं. नुसतं ऑइल ओतून भागत नाही, ते कमी का झालं हे शोधायलाच हवं.

तेव्हा पुढच्या सहलीला लाल दिवा दिसला, तर गप्प बसू नका. म्हणा, "बाबा, गाडी बाजूला घ्या ना, आधी ऑइल बघू या!"