मध विकत घेताना : मांघरच्या पेटीपासून घरच्या बाटलीपर्यंत

डिसेंबर-जानेवारीत थंडी पडली की पुण्या-मुंबईच्या अनेक घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. उन्हाळ्यात महाबळेश्वरहून मोठ्या हौसेने आणलेल्या मधाच्या बाटलीच्या तळाशी पांढरट, रवाळ थर बसलेला असतो. घरातील मंडळी तो बोटाने चाखून पाहतात आणि ‘साखर घातलेली दिसते’ असा निर्णय देऊन टाकतात. बाटली मागे पडते आणि पुढच्या वेळी दुकानातील चकचकीत, बारमाही पातळ राहणारा मध घरात येतो. या निर्णयात ज्याच्यावर अन्याय होतो, तो दूर डोंगरात राहणारा मधपाळ असतो, आणि त्याला त्याची वार्ताही नसते.

शुद्ध मध गोठतो. मधात प्रामुख्याने फलशर्करा व द्राक्षशर्करा या दोन साखरा असतात. त्यांपैकी द्राक्षशर्करा पाण्यात कमी विरघळते आणि सुमारे १३-१४ अंश सेल्सिअस तपमानाला तिचे स्फटिक सर्वांत जलद बनतात. मोहरीच्या फुलांचा मध काही आठवड्यांतच तुपासारखा घट्ट होतो. फलशर्करेचे प्रमाण अधिक असलेले काही मध मात्र महिनोन्‌महिने पातळ राहतात. हा फुलोऱ्याचा गुण आहे. गोठलेल्या मधाची बाटली कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो. ती थेट चुलीवर मात्र ठेवू नये.

मधाचे गाव

सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर तालुक्यात मांघर हे डोंगरउतारावरचे लहानसे गाव आहे. महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या पुढाकाराने मे २०२२ मध्ये ते ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. देशातील अशा प्रकारचे ते पहिले गाव होय. कोल्हापूर जिल्ह्यातील भुदरगड तालुक्यातील पाटगावनेही पुढे हाच मार्ग धरला. महाबळेश्वरच्या परिसराला हा उद्योग नवा नाही. १९४६ साली येथे मधमाशापालनाला संघटित रूपाने प्रारंभ झाला आणि मंडळाचे मध संचालनालय आजही येथूनच काम पाहते. संशोधनाच्या बाजूने पुण्यातील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून या कार्यात आहे.

‘मधाचे गाव’ या कल्पनेतील नवा भाग ग्राहकाशी संबंधित आहे. पर्यटकाने गावात यावे, पेट्या पाहाव्यात, मधपाळाशी बोलावे आणि मध तेथेच विकत घ्यावा, असा तिचा एक हेतू आहे. वरवर पाहता ही पर्यटनाची योजना वाटते. परंतु मधाच्या बाबतीत अशा भेटीला वेगळेच मोल आहे. मध हा असा पदार्थ आहे की बाटलीत गेल्यावर त्याची पारख करणे सामान्य ग्राहकाच्या हाती राहत नाही.

घरगुती कसोट्या पुष्कळ सांगितल्या जातात. मधाचा थेंब पाण्यात टाकला असता तो तळाशी गेला पाहिजे. मधात भिजविलेली वात पेटली पाहिजे. टीपकागदावर डाग पडता कामा नये. कुत्र्याने त्याला तोंड लावू नये. शाळांतील प्रदर्शनांतूनही हे प्रयोग करून दाखविले जातात. दुर्दैवाने यांपैकी एकही कसोटी भरवशाची नाही. साखरेचा घट्ट पाकही पाण्याच्या तळाशी जातो आणि त्यात भिजलेली वातही पेटते. उलट, पावसाळी हवेत काढलेला शुद्ध पण पातळ मध कागदावर डाग पाडतो आणि नापास ठरतो. कुत्र्याविषयी तर न बोलणेच बरे.

प्रयोगशाळेलाही हे काम सोपे राहिलेले नाही. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये बाजारातील १३ छापांच्या मधाच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नेहमीच्या चाचण्यांत बहुतेक नमुने उतरले होते. परंतु अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन या प्रगत तंत्राने तपासणी केल्यावर सर्व कसोट्यांना उतरलेले छाप फक्त ३ निघाले. संबंधित उत्पादकांनी हे निष्कर्ष अमान्य केले. तथापि, नेहमीच्या चाचण्यांना चकवू शकतील असे तांदूळ आदींपासून बनविलेले साखरपाक बाजारात उपलब्ध आहेत, ही गोष्ट त्यानिमित्ताने सर्वांपुढे आली. प्रयोगशाळेची जेथे ही स्थिती, तेथे पाण्याच्या पेल्यावर विसंबण्यात अर्थ नाही. मध कोठून, केव्हा व कसा आला हे ठाऊक असणे, हाच ग्राहकाच्या हातचा आधार उरतो.

पेटीत काय पाहावे

सह्याद्रीत पेटीत पाळली जाते ती मुख्यतः सातेरी मधमाशी. ही आपल्याकडचीच जात असून ती अंधारात, झाडांच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत एकाला एक समांतर अशी अनेक पोळी बांधते. म्हणूनच तिला चौकटींच्या पेटीत ठेवता येते. उंच झाडावर व कड्यावर मोठे मोहोळ करणारी आग्या आणि झुडपात एकच लहान पोळे करणारी फुलोरी या माश्या उघड्यावर राहणाऱ्या. त्या पेटीत नांदत नाहीत. मैदानी भागातील मोठ्या मधपाळांकडे दिसते ती बहुधा युरोपीय मेलिफेरा. ती मध अधिक देते, पण तिला पिकांच्या फुलोऱ्यामागे पेट्यांसह गावोगाव हलवावे लागते.

पेटीचे दोन मजले असतात. खालच्या कक्षात राणी अंडी घालते व तेथे पिल्ले वाढतात. वरच्या कक्षात कामकरी माश्या जादा मध साठवितात. मधपाळाने काढावयाचा तो वरच्याच कक्षातील मध. फुलातील मकरंदात पाण्याचे प्रमाण निम्म्याहून अधिक असते. माश्या तो पुनःपुन्हा तोंडातून फिरवितात, पंखांनी वारा घालून आटवितात आणि तयार झाला की त्या घरावर मेणाचे पातळ झाकण घालतात. हे झाकण म्हणजे माश्यांनीच दिलेला पक्वतेचा दाखला. पाहुण्याने मधपाळाला चौकट वर उचलून दाखविण्याची विनंती जरूर करावी. बहुतेक घरांवर झाकणे आलेली असली, तर मध काढण्याजोगा झाला असे समजावे. अनुभवी मधपाळ झाकणे सुरीने उतरवून चौकटी मधयंत्रात फिरवितो, मध बाहेर उडतो आणि रिकामे पोळे जसेच्या तसे पेटीत परत जाते. माश्यांना नवे मेण तयार करण्याचे श्रम पडत नाहीत आणि एकही पिल्लू मरत नाही.

रस्त्याच्या कडेला बादलीतून विकल्या जाणाऱ्या मधाची गोष्ट निराळी आहे. जाळ करून आग्या माश्या हुसकावल्या जातात, त्यांत असंख्य मरतात आणि संपूर्ण पोळे पिळले जाते. पिल्लांचा रस त्यात उतरतो, त्यामुळे असा मध लवकर आंबतो. वास्तविक आग्याच्या पोळ्यात मधाचा साठा वरच्या, फांदीलगतच्या भागात असतो. तेवढाच भाग कापून घेतला, तर खालची पिल्ले व वसाहत वाचू शकते.

काही सरळ प्रश्न

मधपाळाला विचारावयाचा पहिला प्रश्न, हा मध कोणत्या फुलांचा, कोणत्या महिन्यात काढलेला? महाबळेश्वरच्या पट्ट्यात जांभूळ, हिरडा व गेळा यांचा बहर उन्हाळ्यात येतो आणि पावसापूर्वी मध निघतो. जांभळाचा मध गडद रंगाचा व किंचित कडवट असतो. हा कडवटपणा म्हणजे भेसळ असे समजून तो नाकारणारे ग्राहक थोडे नाहीत. कारवी साधारणतः ८ वर्षांतून एकदा फुलते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात येणाऱ्या त्या बहराची मधपाळ वाटच पाहत असतो.

दुसरा प्रश्न पेट्या किती, हा होय. सातेरीची वसाहत वर्षाकाठी साधारणपणे ५ ते १० किलो मध देते. म्हणजे २० पेट्या असणाऱ्या शेतकऱ्याकडे वर्षाला १०० ते २०० किलोंहून फारसा अधिक मध असणार नाही. अशा ठिकाणी बाराही महिने, मागाल तेवढा आणि स्वस्त मध मिळत असेल, तर तो कोठून येतो हे विचारण्याचा ग्राहकाला अधिकार आहे.

तिसरा प्रश्न थोडा नाजूक आहे : माश्यांना साखर देता काय? प्रामाणिक मधपाळ ‘होय’ म्हणेल. सह्याद्रीच्या पावसात माशी आठवडेच्या आठवडे बाहेर पडू शकत नाही. अशा वेळी साखरेचा पाक दिला नाही, तर वसाहत उपाशी मरते किंवा पेटी सोडून निघून जाते. हा पाक पावसाळ्यात, मधाचा वरचा कक्ष उतरवून ठेवल्यावर द्यावयाचा असतो. बहर चालू असताना पाक देणे ही मात्र लबाडी. तेव्हा साखर दिली की नाही, यापेक्षा ती केव्हा दिली हे महत्त्वाचे.

‘कच्चा मध’ हा शब्द अलीकडे फार ऐकू येतो. फडक्यातून गाळलेला, पण तापविलेला नसलेला मध असा त्याचा अर्थ. त्याचा सुगंध टिकतो हे खरे. पण सातेरीच्या मधात पाण्याचे प्रमाण पुष्कळदा २० टक्क्यांच्या आसपास वा त्याहूनही अधिक असते आणि २० टक्के ही आपल्या अन्नसुरक्षा मानकांतील कमाल मर्यादा आहे. अधिक पाणी असलेला मध आंबतो, त्याला फेस येतो. यासाठीच सहकारी संस्था व मंडळे मध मर्यादित उष्णतेवर प्रक्रिया करून विकतात. ती भेसळ नव्हे. कच्चा मध घ्यावयाचा तर झाकणे आलेल्या चौकटींचाच घ्यावा, कोरड्या काचेच्या बरणीत घट्ट बंद ठेवावा आणि ओला चमचा त्यात घालू नये. मोजून घेताना तो वजनावरच घ्यावा, कारण एक लिटरच्या बाटलीत सुमारे १.४ किलो मध मावतो.

एका गोष्टीत शिक्षक, अंगणवाडी सेविका व पंचायत सदस्य यांनी विशेष दक्ष राहिले पाहिजे. नवजात बालकाला मधाचे बोट चाटविण्याची आपल्याकडे जुनी प्रथा आहे. शुद्धांत शुद्ध मधातही बोट्युलिझम या रोगाच्या जंतूंची बीजे असू शकतात. मोठ्या माणसाला त्यांचा उपद्रव होत नाही. परंतु तान्ह्या मुलाच्या आतड्यांत ती रुजून स्नायूंना लुळेपणा आणू शकतात. घरगुती उकळण्याने ही बीजे नष्ट होत नाहीत. एक वर्षाचे होईपर्यंत मुलाला मध मुळीच देऊ नये, घुटीतूनही नाही. गावातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे समजावणे सोपे नाही. पण मधाच्या गावातून येणाऱ्या प्रत्येक बाटलीबरोबर ही सूचना जावयास हवी.

शाळेची सहल अशा गावी न्यावयाची असेल, तर मधपाळाला आधी कळवावे. मुलांनी अत्तर किंवा सुगंधी तेल लावून येऊ नये; पेटीच्या तोंडासमोर, माश्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत उभे राहू नये; एखादी माशी अंगाभोवती फिरली तर हात झाडू नयेत. दंशाची तीव्र बाधा होणारी मुले कोणती, हे पालकांना आधीच विचारलेले बरे. सातेरी स्वभावाने शांत आहे. पहिल्या काही मिनिटांची भीती ओसरली की मुले राणीमाशी शोधू लागतात, आणि मग त्यांना पेटीजवळून हलविणेच कठीण होते.

जून उजाडला की मध काढण्याचे काम थांबते. आधी काढलेला साठा लहान मधपाळाकडे पावसाळाभर पुरतोच असे नाही. जुलै-ऑगस्टमध्ये धुक्यातून गावात पोचलेल्या पाहुण्याला ‘मध संपला, पाऊस सरल्यावर या’ असे उत्तर मिळाल्यास त्याने विन्मुख न होता आपले नाव, पत्ता व हवे तेवढे वजन मधपाळाच्या वहीत नोंदवून ठेवावे.