नख दाबून बघ!

‘हाड मोडलं तर डॉक्टर जोडतात, प्लॅस्टर घालतात, दीड महिन्याने काढतात. त्यात नर्सचं काय काम?’

बारावी सायन्सनंतर नर्सिंगला जातो म्हटलं की हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. उत्तर हवं असेल तर आपल्या नंदुरबार जिल्ह्यातला हाडाचा पेशंट कुठून कुठे जातो ते बघा.

समजा मे महिना आहे. धडगावच्या पलीकडे एका पाड्यावर आमचूरसाठी आंबे उतरवताना आठ वर्षांचा पोरगा झाडावरून पडला. कोपराच्या जरा वर हाड मोडलं. दवाखाना लांब, गाडी मिळेल तेव्हा खरी. मग आधी जवळचा हाडवैद्य. तो बांबूच्या पट्ट्या लावून हात आवळून बांधतो. हाडवैद्याला सरसकट नावं ठेवण्यात अर्थ नाही. मोडलेल्या हाडाला आधार द्यायचा, हलू द्यायचं नाही, ही कल्पना बरोबरच आहे. घात करतं ते आवळणं. मोडलेला भाग पुढचे एक-दोन दिवस सुजत जातो, पट्टी मात्र होती तेवढीच राहते. आत दाब वाढतो, स्नायूंना रक्त मिळेनासं होतं आणि साधारण सहा तासांत स्नायू मरायला लागतात. पुढे बोटं वाकडी होतात ती कायमची. कधी हातच काढावा लागतो.

हे फक्त बांबूमुळे होतं असंही नाही. हॉस्पिटलात नीट घातलेल्या प्लॅस्टरखालीसुद्धा होऊ शकतं. म्हणून ऑर्थोच्या वॉर्डात रात्री दोन वाजता सिस्टर टॉर्च घेऊन येते आणि झोपलेल्या पोराचं नख दाबते. दाबलं की नख पांढरं पडतं, सोडलं की दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवं. मग बोटं गार आहेत का, मुंग्या येतात का, स्वतःहून हलवता येतात का, हे बघायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपण बोट हळूच सरळ केलं तर पोरगं किंचाळतं का? वेदनाशामक दिल्यावरही दुखणं वाढतच असेल तर ती पहिली घंटा. अशा वेळी ‘नाडी लागतेय ना, मग काय!’ म्हणून गाफील राहिलात तर फसलात, कारण नाडी बऱ्याचदा शेवटपर्यंत लागत असते. ‘हाड मोडलंय, दुखणारच’ हे वाक्य तर वॉर्डात बंदच करायला हवं. डॉक्टरला उठवायचं, प्लॅस्टर पार कातडीपर्यंत उघडायचं. सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही.

हाताचं हे झालं. मांडीचं हाड मोडलं की गोष्ट वेगळी. आतल्या आत लिटरभर रक्त जाऊ शकतं, बाहेर थेंबही दिसत नाही. ट्रॅक्शन लावलं असेल तर वजन अधांतरी लोंबकळायला हवं. भेटायला आलेला पाहुणा ते उचलून खाटेवर ठेवतो, ‘पोराला ओझं होतंय’ म्हणून! हसू नका, माया असते ती. पण ट्रॅक्शन वाया जातं. शिवाय दर दोन तासांनी अंगाखालचा दाब हलका करायचा, नाहीतर पाठीला, टाचेला जखमा होतात. हाड जुळतं आणि पेशंट जखमेसाठी महिनाभर अडकून पडतो.

आता जी गोष्ट आपल्या भागातल्या नर्सला इतरांपेक्षा जास्त पक्की माहीत असावी लागते, ती म्हणजे सिकलसेल. सातपुड्याच्या पट्ट्यात भिल्ल, पावरा समाजात हा आजार बराच आढळतो. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांत अडकतात आणि हाडाला रक्त मिळत नाही. तान्ह्या बाळाचे हात-पाय सुजणं ही बऱ्याचदा पहिली खूण. मोठेपणी खुब्याच्या हाडाचा गोळा झिजतो आणि विशीतलं पोरगं म्हाताऱ्यासारखं लंगडतं. त्याला रात्री असह्य दुखतं, एक्स-रेत काहीच दिसत नाही आणि सगळे म्हणतात नाटक करतोय. त्याच्यावर विश्वास ठेवणं हासुद्धा नर्सिंगचाच भाग आहे.

इथे एक गंमत, खरंतर गंमत नाही. मुरगळलं की बर्फ लावा, हे पुस्तकातलं पहिलं वाक्य. सिकलसेलच्या पेशंटला मात्र थंडी बाधते, बर्फाने दुखणं आणखी भडकू शकतं. त्याला ऊब हवी, भरपूर पाणी हवं आणि वेळेवर वेदनाशामक. म्हणून पाय धरून आलेल्या पोराला बर्फ देण्याआधी विचारायचं, ‘सिकलसेलची तपासणी झालीय का रे?’ या आजाराच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन १ जुलै २०२३ ला सुरू झालं. आपला जिल्हा झाला तोही १ जुलैलाच, १९९८ मध्ये. योगायोग.

हे सगळं विचारायचं कुठल्या भाषेत? पावरी, भिलोरी, मावची, अहिराणी. ‘मुंग्या येतात का’ हे मराठीत विचारलं तर आजी मान डोलावते, पण काय कळलं ते देवाला ठाऊक. ज्या पोरीला किंवा पोराला (हो, मुलंही नर्सिंग करतात) घरची बोली येते, त्याच्याकडे असं एक अवजार आहे जे कुठल्याही कॉलेजात मिळत नाही.

इंग्लंडमधली अॅग्नेस हंट लहानपणी खुब्याच्या आजाराने अधू झाली, तरी नर्स झाली आणि १९०० साली तिने एका खेड्यात अपंग मुलांसाठी घर उघडलं. तिच्या लक्षात आलं की मुलं बरी होऊन जातात आणि घरी गेल्यावर पुन्हा बिघडतात. म्हणून तिने आजूबाजूच्या गावांतच नंतरच्या तपासणीची केंद्रं सुरू केली.

आपल्याकडे तर पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली की रस्ताच बंद. तेव्हा सुट्टी देतानाची दहा मिनिटं फार मोलाची. चांगली सिस्टर ती कागदावर सही घेण्यात घालवत नाही. ती आईच्या हातात पोराचं बोट देते. ‘ताई, नख दाबून बघ. आता सोड. रंग आला? घरी असंच रोज बघायचं. काळंनिळं दिसलं, पोरगं जास्त रडलं, तर तारखेची वाट बघू नको.’ प्लॅस्टरमध्ये खाज आली तर काडी घालायची नाही, ओलं करायचं नाही, हेही सांगते.

आणि प्लॅस्टर काढायची तारीख लिहिण्याआधी बापाला विचारते, ‘भाऊ, ऊसतोडीला कधी निघणार?’ तो म्हणतो, दिवाळी झाली की. मग ती कॅलेंडर काढते आणि तारीख दिवाळीच्या आधी कुठे बसते ते डॉक्टरांना विचारून येते.