दत्तक कुटुंब आणि दंडाची पट्टी

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022पासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना आरोग्याकडे लक्ष ठेवण्यासाठी कुटुंबं दत्तक घेणं बंधनकारक केलं. चेन्नईजवळच्या आवडी परिसरातल्या महाविद्यालयांनाही हा नियम लागू आहे. मात्र ही वाट वर्ध्याजवळच्या सेवाग्रामने कधीच मळवून ठेवली होती. डॉ. सुशीला नय्यर यांनी 1969 साली तिथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. पहिल्या वर्षाची मुलं गावात शिबिराला राहतात आणि प्रत्येकाकडे काही घरं सोपवली जातात.

विद्यार्थ्यांच्या संशोधनाचे खरे प्रश्न अशा घरांतूनच निघतात. साधं उदाहरण घ्या. दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी 6 ते 59 महिन्यांच्या बाळाच्या डाव्या दंडाला, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये लावायची. घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी आला, तर ते अतितीव्र कुपोषण. पट्टी जरा आवळली तरी आकडा चुकतो. म्हणून आधी हात बसायला हवा. एवढं लहान माप, पण त्यावर बाळाला उपचार मिळणं अवलंबून असतं!

अशा अभ्यासासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) विद्यार्थी संशोधन योजना 1979पासून चालू आहे. मार्गदर्शकाच्या हाताखाली दोन महिन्यांत छोटा अभ्यास पूर्ण करायचा असतो. संमतीपत्र लोकांच्या भाषेतच हवं, आवडीत तमिळ, वर्ध्यात मराठी. आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की अहवाल लिहून झाल्यावर निष्कर्ष सांगायला त्याच उंबऱ्यावर परत जावं.