जुन्या विमानाची वही

मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. गाडी धडधाकट होती की नव्हती, हा प्रश्नच नव्हता. टॅक्सीला ठरवून दिलेली वीस वर्षे भरली होती. अमेरिकेत मात्र १९५६ साली कारखान्यातून निघालेले, चार माणसांचे सेस्ना १७२ विमान आजही एखाद्या लहान विमानतळावरून रविवारी सकाळी निवांत उडते, आणि त्याला कोणी वय विचारत नाही. ऐकून आपल्या पोटात गोळा येतो. पण तिथला कायदा वर्षे मोजत नाही, निगा मोजतो. आणि ती निगा राखण्याची पहिली जबाबदारी मालकावर टाकतो.

या जातीची चव्वेचाळीस हजारांहून अधिक विमाने बनली; इतकी दुसऱ्या कुठल्याही विमानाची बनलेली नाहीत. १९८६ मध्ये कारखान्याने उत्पादन थांबवले. अपघातानंतर निर्मात्यांवर होणारे भरपाईचे दावे हे त्याचे एक मोठे कारण. १९९४ मध्ये कायदा झाला की, काही अपवाद सोडता, अठरा वर्षांहून जुन्या लहान विमानासाठी निर्मात्याला कोर्टात खेचता येणार नाही. दोन वर्षांनी नवी विमाने पुन्हा बनू लागली. जुन्या विमानाच्या मालकासाठी या कायद्याचा अर्थ सरळ होता. साठ वर्षांच्या यंत्राचा भार आता दोघांच्याच खांद्यावर, त्याच्या स्वतःच्या आणि मेकॅनिकच्या.

म्हणून असे विमान घेणारा जाणता माणूस रंगरंगोटीकडे नंतर बघतो. आधी मागतो लॉगबुक. दरवर्षीची तपासणी, बदललेला प्रत्येक सिलिंडर, सरकारी हुकुमानुसार केलेली प्रत्येक दुरुस्ती तारीख-सहीनिशी त्यात असावी लागते. वह्या हरवल्या की विमान तेच राहते, पण किंमत धाडकन उतरते. शेतजमीन घेताना आपण बांधावर उभे राहण्याआधी सातबारा बघतो, त्यातलाच प्रकार. फरक एवढाच की इथे नोंद खोटी निघाली, तर फसवणूक जमिनीपासून तीन हजार फुटांवर कळते.

अशी विमाने नव्या विमानाच्या मानाने फारच स्वस्त मिळतात. पण चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! दर बारा महिन्यांनी विमान उघडायचे, झाकणे काढायची, आरसा आणि विजेरी घेऊन पंखात गंज शोधायचा. खास अधिकार असलेला मेकॅनिक समाधानी झाला तरच सही करतो. नाही तर दोषांची यादी हातात देतो. तेल बदलणे, टायर बदलणे अशी किरकोळ कामे परवानाधारक वैमानिक-मालक स्वतः करू शकतो, आणि हौशी मालक ती आनंदाने करतात. उरलेल्या कामात सही देणाऱ्या माणसाशी जमवून घेणे, हीच या छंदातली खरी कला म्हणायची. कुरकुर न करता सही देणारा मेकॅनिक शोधणारेही असतात. त्यांच्या विमानात मी तरी बसणार नाही.

१९८७ चा एक हुकूम तर नुसत्या खुर्चीबद्दल होता. पुढची खुर्ची ज्या रुळावर सरकते, त्याची भोके झिजली की अडकवणारी खीळ निसटते. विमान नाक वर करून चढत असताना खुर्ची मागे घसरली, तर वैमानिक सुकाणू धरूनच मागे जातो. नाक आणखी उचलले जाते आणि पंखांचा आधार सुटतो. म्हणून ते रूळ पुन:पुन्हा मोजायचे.

आता नवी चिंता इंधनाची आहे. १९६७ पर्यंतच्या १७२ मध्ये १४५ अश्वशक्तीचे सहा सिलिंडरचे कॉन्टिनेंटल इंजिन असे. ते ८० ऑक्टेनच्या, कमी शिशाच्या पेट्रोलसाठी बनले होते. ते पेट्रोल बाजारातून गेले आणि हाती राहिले शंभर ऑक्टेनचे. नावात ‘कमी शिसे’, पण शिशाची मर्यादा जुन्याच्या चौपट! ते शिसे बारा स्पार्क प्लगांवर साचते; साफ केले नाहीत तर इंजिन अडखळते. जे प्लगवर साचत नाही ते धुराड्यातून बाहेर पडून विमानतळाजवळच्या वस्तीत, मुलांच्या श्वासात जाते. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा कौंटीने २०२२ च्या सुरुवातीपासून आपल्या विमानतळांवर त्याची विक्री बंद केली. देशभरातून ते २०३० अखेर हटवायचे उद्दिष्ट आहे. गंमत अशी की या जुन्या मवाळ इंजिनाला साधे मोटारीचे पेट्रोलही चालते, आणि रीतसर कागद करून ते वापरायला परवानगीही मिळते. अट एकच, त्यात इथेनॉल नको. अमेरिकेतल्या बहुतेक पंपांवरच्या पेट्रोलमध्ये मात्र ते दहा टक्के असते.

तोवर मालक प्रत्येक उड्डाणाआधी पंखाखाली वाकतो, टाकीच्या तळातून थोडे इंधन पारदर्शक पेल्यात घेतो आणि उजेडात धरतो. रंग फिकट निळाच आहे ना? तळाशी पाण्याचा थेंब तर नाही ना? असेल, तर ओतून द्यायचे आणि पुन्हा पेला भरायचा.