घोड्याला टोचे, माणसाला पोचे

ब्रिस्बेन शहरात हेंड्रा नावाचं उपनगर आहे, रेसच्या घोड्यांच्या तबेल्यांचं. 1994 च्या सप्टेंबरात तिथल्या एका तबेल्यात ‘ड्रामा सिरीज’ नावाची आजारी गाभण घोडी आणली गेली. ट्रेनर विक रेल यांनी तिला हातानं भरवून पाहिलं. घोडी वाचली नाही. पाठोपाठ डझनाहून जास्त घोडे गेले आणि महिना संपायच्या आत रेलही गेले. विषाणू विज्ञानाला सर्वस्वी नवा होता. त्याला उपनगराचंच नाव मिळालं. (रहिवाशांना ते कितपत आवडलं असेल, कोण जाणे!)

दोन वर्षांनी मूळ सापडलं: फळं आणि फुलांतला मध खाऊन जगणारी मोठी वटवाघळं. विषाणू अंगात असूनही ती ठणठणीत असतात. त्यांच्या मुतातून तो झाडाखालच्या गवतावर पडतो आणि नाक जमिनीला लावून चरणाऱ्या घोड्यात शिरतो.

खरी गंमत पुढेच आहे. ऑस्ट्रेलियात जखमी वटवाघळांची शुश्रूषा करणारे स्वयंसेवक आहेत. त्यांना चावे आणि ओरखडे नेहमीचेच. अशा शंभराहून जास्त जणांचं रक्त तपासलं, तर एकालाही हेंड्राची लागण झालेली नव्हती. आजवर सात माणसांना हा आजार झाला आणि चौघं दगावली, त्यांत दोन पशुवैद्य. सातही जणांना तो घोड्याकडूनच आला. घोड्याच्या शरीरात विषाणू बेसुमार वाढतो, नाकातोंडातल्या स्रावात उतरतो, आणि मग त्याला माणूस गाठता येतो.

म्हणजे घोडा वाचवला की माणूस वाचतो. माणसाच्या आजारासाठी सुई जनावराला टोचायची, हा विचार मला विलक्षण देखणा वाटतो.

लसही तितकीच सुबक आहे. विषाणूच्या पृष्ठभागावर ‘जी’ नावाचं प्रथिन असतं. कडी कोयंड्यात बसावी तसं ते आपल्या पेशींवरच्या ‘एफ्रिन-बी2’ या रेणूत अडकतं. हा कोयंडा वटवाघूळ, घोडा, माणूस, सगळ्यांत जवळपास सारखाच, आणि तोही रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर आणि मज्जापेशींवर! आजार इतका भयंकर का, ते इथं कळतं. लसीत अख्खा विषाणू नाहीच. आहे ती नुसती कडी. घोड्याचं शरीर तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि पुढे खरा विषाणू आला तरी त्याला पेशीत शिरता येत नाही. लसीची परीक्षा जिलाँगच्या प्रयोगशाळेत झाली, सर्वांत कडक जैवसुरक्षेच्या बंद दालनांत. तिथं धिप्पाड घोडे ठेवायचे आणि संशोधकांनी हवाबंद पोशाखात त्यांची देखभाल करायची, म्हणजे केवढा खटाटोप!

2012 च्या नोव्हेंबरात लस घोड्यांपर्यंत पोचली. तीन ते सहा आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस, सहा महिन्यांनी तिसरा, मग दरवर्षी एक. मात्र सगळे मालक राजी झाले नाहीत. खर्च होताच; शिवाय प्रतिपिंडं असलेला घोडा काही देश आत घेत नव्हते. लसीनं अपाय झाल्याचा दावा काही मालकांनी कोर्टात नेला, तो 2022 मध्ये फेटाळला गेला. मालकांची कुरकुर मला अगदीच गैर वाटत नाही. पैसे त्यांचे जातात, पण जीव पशुवैद्याचाही वाचतो.

2022 मध्येच पंचवीस वर्षांच्या नोंदींवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हिवाळ्यात फुलणारी निलगिरीची जंगलं तुटली की भुकेली वटवाघळं कुरणांकडे सरकतात. ज्या हिवाळ्यात उरलेली झाडं भरभरून फुलतात, त्या हिवाळ्यात वटवाघळं तिकडे निघून जातात आणि घोड्यांतली लागण थांबते. म्हणजे निलगिरीचा बहरसुद्धा लसीच्या जोडीला उभा राहतो.

हेंड्राचा सख्खा भाऊ निपाह. त्याची प्रतिपिंडं महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला सापडली आहेत. घोड्यांच्या लसीतल्या त्याच ‘जी’ प्रथिनानं प्रयोगांत प्राण्यांना निपाहपासूनही वाचवलं, आणि त्यावर बेतलेल्या लसीच्या माणसांवरच्या चाचण्या 2020 मध्ये सुरू झाल्या.

2025 च्या जुलैमध्ये आग्नेय क्वीन्सलँडमध्ये हेंड्रानं एक घोडा दगावला. त्याला लस दिलेली नव्हती.