म्हातारपणाची भाकरी आणि सरकारचा हिशेब

मार्च २०२३ चा दुसरा पंधरवडा नुकताच लागायचा होता. १४ तारखेला राज्यातील सरकारी-निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले. नागपूरच्या रस्त्यांवर एकच घोषणा घुमत होती, 'एकच मिशन, जुनी पेन्शन'. सात दिवस कचेऱ्या ओस पडल्या, शाळांची कुलुपे निघाली नाहीत. २० तारखेला संप मिटला. संप मिटला, पण वाद मिटला नाही. तो वाद आता आपल्या घरात येऊन बसला आहे.

उत्तर नागपुरातील एखादे घर डोळ्यांपुढे आणा. आजोबा एम्प्रेस मिलमधून घरी बसलेले. मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, नोकरी २००६ ची. नात बुटीबोरीच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. संध्याकाळी जेवणाच्या ताटावर मुलगा म्हणतो, "बाबा, आम्हाला जुनी पेन्शन मिळालीच पाहिजे." आजोबा म्हणतात, "मिळावी बापा, पण माझ्या हजार-बाराशेचं कोण बोलते?" आणि नात विचारते, "बाबा, माझ्या पगारातून काही कापतात की नाही, हेच मला माहीत नाही." घर एक, कष्ट तिघांचेही, पण म्हातारपण मात्र तीन तऱ्हेचे! असे का व्हावे? याचा विचार समाजबांधवांनी भावनेच्या भरात न करता कागद-पेन्सिल घेऊन केला पाहिजे.

गिरणीने काय दिले?

नागपूर हे या प्रश्नाचे जुने गाव आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. याच गिरणीत १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड निघाला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई देणे सुरू झाले. त्या काळी देशात असा कायदा नव्हता. गिरणीचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांचे नाव आजही आपल्या बेझनबागेला आहे. आपल्या कितीतरी घरांची पहिली रोकड कमाई याच गिरणीच्या भोंग्यावर उभी राहिली.

पण मालकाच्या मर्जीवर मिळते ती सवलत आणि कायद्याने मिळतो तो हक्क, हा फरक बाबासाहेबांनी आपल्याला शिकवला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. सरकार, मालक आणि कामगार यांनी एका टेबलाशी बसून बोलावे ही त्रिपक्षीय पद्धत त्याच काळात रुजली. पुढे १९५२ चा भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे पी. एफ.चा कायदा झाला. १९७१ मध्ये कुटुंब पेन्शन आली आणि १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी पेन्शन योजना लागू झाली. हीच ती 'ई.पी.एस. ९५'.

एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद पडली. सव्वाशे वर्षांचा भोंगा थांबला. आज त्या जागेवर 'एम्प्रेस सिटी' उभी आहे. गिरणी गेली, कामगार राहिला, आणि त्याच्या हाती राहिले पेन्शनचे कार्ड.

संकट आले की हात कोणाच्या खिशात?

१९९१ साल आठवा. देशाच्या तिजोरीत दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतेच परकीय चलन उरले होते. सोने परदेशी गहाण टाकावे लागले. १ आणि ३ जुलैला रुपयाचे अवमूल्यन झाले आणि २४ जुलैला मनमोहन सिंग यांनी नवे आर्थिक धोरण मांडणारा अर्थसंकल्प सादर केला. खाजगीकरण, उदारीकरण, स्वेच्छानिवृत्ती हे शब्द तेव्हापासून आपल्या घरात आले.

त्या वर्षी पी. एफ.वर १२ टक्के व्याज होते. आज ते ऐकून कोणालाही हेवा वाटेल. पण १९९१-९२ मध्ये औद्योगिक कामगारांसाठीच्या निर्देशांकाप्रमाणे महागाई होती सुमारे साडेतेरा टक्के. म्हणजे कामगाराच्या शंभर रुपयांचे वर्षाने एकशे बारा झाले, पण शंभर रुपयांचा बाजार एकशे साडेतेरावर गेला. पासबुकात रक्कम वाढली आणि घरात धान्य कमी आले! उलट २००५-०६ मध्ये व्याज साडेआठ टक्क्यांवर उतरले होते, तेव्हा लोक संतापले. पण त्या वर्षी महागाई साडेचार टक्क्यांच्या आसपास होती, म्हणून पैशाला प्रत्यक्षात काही वाढ मिळाली. याचा अर्थ व्याज कमी करणे चांगले असा नव्हे. अर्थ एवढाच की आकडा पाहून फसू नका, त्या आकड्यात भाकरी किती येते ते पाहा.

हीच गोष्ट बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी सांगितली होती. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९२५ मध्ये त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. सामान्य माणसाच्या दृष्टीने रुपयाची खरेदीशक्ती स्थिर राहणे महत्त्वाचे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. रुपया स्वस्त झाला की भाव आधी चढतात आणि मजुरी मागाहून लंगडत येते, म्हणून त्याचा मार मजुराला बसतो. मजुरी निदान मागाहून तरी येते. पेन्शन गोठलेली असेल तर ती येतच नाही.

पुढची दोन संकटेही पाहू. जानेवारी २००८ मध्ये मुंबईचा शेअर निर्देशांक एकवीस हजारांवर गेला होता, ऑक्टोबरमध्ये तो नऊ हजारांच्याही खाली आला. अमेरिकेत कामगारांच्या निवृत्तीची बचत मोठ्या प्रमाणावर शेअर बाजारात असते. तिथे निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या अनेकांची आयुष्यभराची पुंजी काही महिन्यांत वितळली. ज्याच्या हाती वीस वर्षे आहेत तो बाजार पुन्हा चढेपर्यंत थांबू शकतो. ज्याला पुढच्या महिन्यात निवृत्त व्हायचे आहे, त्याने थांबायचे कुठे?

मग आली २०२० ची टाळेबंदी. सरकारने कामगाराला स्वतःच्या पी. एफ.मधून तीन महिन्यांचा पगार किंवा शिल्लक रकमेच्या ७५ टक्के, यांपैकी जे कमी असेल ते काढण्याची मुभा दिली. मे, जून, जुलै या तीन महिन्यांसाठी वर्गणी १२ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणली. लहान आस्थापनांतील कमी पगाराच्या कामगारांची वर्गणी काही महिने सरकारने भरली, हेही खरे. पण मोठ्या संख्येने लोकांनी त्या दिवसांत खाल्ले ते स्वतःचेच म्हातारपण. ज्या घरात चूल विझायची वेळ आली होती, त्याला दोष कसा द्यावा? दोष त्या व्यवस्थेचा, जिने संकटाच्या दिवसासाठी त्याच्याजवळ दुसरी गाठ ठेवलीच नव्हती.

सरकारचे म्हणणेही ऐकू

वाद करायचा तर समोरच्याची बाजू नीट समजून घेतली पाहिजे. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या नोकरदारांची जुनी पेन्शन बंद केली. सरकार म्हणते, माणसाचे आयुष्य वाढले, पगार, पेन्शन आणि कर्जाचे व्याज यांतच तिजोरी रिकामी होते, मग शाळा, दवाखाने, सिंचन यांना काय उरणार? राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब, हिमाचल या राज्यांनी जुन्या पेन्शनकडे वळण्याचा निर्णय घेतला, तेव्हा रिझर्व्ह बँकेनेही हा भार पुढच्या पिढीवर पडेल असा इशारा दिला.

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कारण सरकारची तिजोरी भरतो कोण? काडेपेटीपासून साबणापर्यंत कर भरणारी मोलकरीण आणि बांधकामावरचा मजूरही भरतो. त्याला स्वतःला पेन्शन नाही. त्याने शिक्षकाच्या पेन्शनचा भार का उचलावा, हा प्रश्न आपल्याच वस्तीतील माणूस विचारतो.

पण याचे उत्तर वरच्याला खाली ओढणे हे आहे काय? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८२ मध्ये नकारा खटल्यात स्पष्ट केले की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नसून केलेल्या सेवेचा हक्क आहे. शिवाय आपल्या समाजाच्या दृष्टीने यात आणखी एक वेदना आहे. राखीव जागेवर लागलेल्या पहिल्या पिढीच्या पेन्शनवर दुसऱ्या पिढीची पोरे शिकली. तिसरी पिढी दाराशी पोहोचली, तेव्हा दारावर 'ठेका पद्धत' असा फलक लागला होता.

संविधानाच्या ४१ व्या कलमात वृद्धापकाळी सार्वजनिक साहाय्य मिळवण्याच्या हक्काचा निर्देश आहे. त्यात राज्याच्या आर्थिक कुवतीची मर्यादाही सांगितली आहे. म्हणजे साऱ्या वादाचे बीज तिथेच आहे. कुवत किती, हे कोण ठरवणार? संकटात कारखानदाराला सवलत देताना कुवत असते आणि म्हाताऱ्याला देताना ती संपते, असे होता कामा नये.

हजाराचे काय झाले?

आता आजोबांकडे वळू. ई.पी.एस.चे सूत्र सोपे आहे. शेवटच्या पाच वर्षांचा सरासरी पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले सत्तर. २०१४ मध्ये पगाराची मर्यादा १५,००० रुपये ठरली. या मर्यादेत पंधरा वर्षे काम केलेल्याला या सूत्राने महिन्याला ३,२१४ रुपये बसतात. जुन्या गिरणी कामगारांचे पगारच लहान होते, म्हणून त्यांची पेन्शन आणखी लहान.

१ सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन हजार रुपये ठरली. त्यानंतरची दहा वर्षे ती तिथेच उभी होती. हजाराची नोट २०१६ मध्ये चलनातून गेली, हजाराची पेन्शन मात्र राहिली! महाराष्ट्राने श्रावणबाळ योजनेचे निराधार वृद्धांचे अनुदान २०२३ मध्ये हजारावरून दीड हजार केले. निराधाराला मिळाले ते योग्यच. पण आयुष्यभर वर्गणी भरलेल्या कामगाराची किमान पेन्शन त्याहूनही खाली राहावी, हा कोणता न्याय? विदर्भातील वृद्ध पेन्शनर याच मागणीसाठी वर्षानुवर्षे बुलढाण्यापासून दिल्लीपर्यंत आंदोलन करीत आले आहेत. त्यांच्या मागणीत रकमेइतकाच महागाई भत्ता महत्त्वाचा आहे. आज ठरलेली मोठी रक्कमही भत्त्याशिवाय दहा वर्षांत लहान होते.

केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी एकीकृत पेन्शन योजना जाहीर केली, ती १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. पंचवीस वर्षे सेवा झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी रक्कम, दहा वर्षांच्या सेवेला किमान दहा हजार, आणि वर महागाईची जोड. याचा अर्थ सरकारलाही पटले की म्हातारपण निव्वळ बाजाराच्या भरवशावर सोडता येत नाही. मग जे सरकारी कर्मचाऱ्याबाबत पटले, ते गिरणी कामगाराबाबत का पटू नये?

म्हणून कोणतीही योजना आली की तीन प्रश्न विचारा. बाजार पडला तर नुकसान कोणाचे? भाव वाढले तर पेन्शन वाढेल काय? आणि ठेक्यावरची, घरकाम करणारी बाई तिच्यात आहे की बाहेर? या तीन प्रश्नांची उत्तरे न देणारी योजना कितीही गोड नावाची असो, ती अपुरी आहे.

घरातील काम

मोर्चा काढायचा तेव्हा काढूच, पण काही कामे घरातच करायची आहेत. ठेक्यावर काम करणाऱ्या मुलामुलींनी पगाराची पावती मागावी आणि आपला यू.ए.एन. क्रमांक घेऊन पासबुकात वर्गणी जमा होते की नाही ते पाहावे. ठेकेदाराने भरली नाही तर मुख्य मालकाचीही जबाबदारी असते. नोकरी बदलली की पी. एफ. काढून मोटारसायकल घेण्याचा मोह टाळावा, खाते पुढे न्यावे. पेन्शनच्या हक्कासाठी दहा वर्षांची सेवा लागते, आणि मध्येच पैसे काढणारा ती वर्षे गमावतो. वारसाचे नाव आजच नोंदवावे. माता-भगिनींनी पतीच्या पेन्शनचा क्रमांक आणि कागद कोठे आहेत ते विचारून ठेवावे. पतीच्या मागे पत्नीला कुटुंब पेन्शनचा हक्क आहे, पण कागद सापडला नाही तर तो हक्क पेटीतच राहतो. दरवर्षीचा हयातीचा दाखला चुकवू नये. आणि विहारातील रविवारच्या बैठकीत शिकलेल्या तरुणांनी एक तास म्हाताऱ्यांचे हे कागद पाहण्यासाठी द्यावा.

ताटावरचा वाद मिटवायचा असेल तर बापाने आपल्या मोर्चात आजोबांच्या मागणीचा फलक धरला पाहिजे आणि नातीच्या ठेकेदाराचे नावही घेतले पाहिजे. तिघांची पेन्शन तीन तऱ्हेची राहिली तर सरकारला तिघांना वेगवेगळे समजावता येते. तिघे एका रांगेत उभे राहिले तर हिशेब सरकारला नव्याने मांडावा लागेल.