जुन्या छायाचित्रांतील विमाने

छायाचित्र पाहणे निराळे आणि वाचणे निराळे. घरातील जुन्या चित्रसंग्रहात विमानाचे एखादे छायाचित्र निघाले, तर आपण "केवढेसे हे विमान!" एवढे म्हणून पान उलटतो. परंतु ज्याने आयुष्याचा मोठा भाग विमानाच्या सुकाणूमागे घालविला, त्याचे पान इतक्या लवकर उलटत नाही. आम्ही फ्लाइंग क्लबात पुष्पक विमानावर उडावयास शिकलो आणि पुढे काही वर्षे डकोटा चालविले. त्यामुळे अशा चित्रात आम्हांला चाके, तारा, कापड, वाऱ्याची दिशा आणि माणसांच्या उभे राहण्याची तऱ्हा या गोष्टी आधी दिसतात. त्या कशा वाचाव्यात, हे चार चित्रांच्या साहाय्याने सांगण्याचा येथे विचार आहे.

पहिले चित्र 'पस मॉथ' विमानाचे घेऊ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले, ते याच जातीच्या विमानातून. येथून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. चित्रात पाहा: एकच पंख, तोही वैमानिकाच्या डोक्यावर, बसावयास बंद खोली, आणि पुढे १२० अश्वशक्तीचे चार नळकांड्यांचे इंजिन. हे इंजिन उलटे टांगलेले आहे, म्हणजे नळकांडी खाली आणि पंखा फिरविणारा दांडा वर. असे का? दांडा वर गेला की पंखा जमिनीपासून उंच राहतो आणि नळकांडी खाली गेल्यामुळे वैमानिकाला समोरचे थोडे अधिक दिसते. मोठ्या सुधारणा पुष्कळदा अशा साध्या युक्तीतून होतात.

चित्रात जे दिसत नाही, तेही वाचता आले पाहिजे. या विमानावर रेडिओची तार नाही, कारण रेडिओच नव्हता. वाटेत मार्ग दाखविणारी कोणतीही सोय नव्हती. होकायंत्र, घड्याळ, नकाशा आणि खाली दिसणारा समुद्रकिनारा किंवा रेल्वेचा रूळ, एवढ्यावर भिस्त. अहमदाबादेस पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई. तेव्हा हा सारा व्यवहार पुण्यास येरवड्याच्या मैदानावर हलवावा लागे. तरीही १९३३ या पहिल्या पुऱ्या वर्षात या सेवेने १५५ प्रवासी आणि सुमारे साडेदहा टन टपाल वाहून नेले. आज एकाच मोठ्या विमानात याच्या दुपटीहून अधिक माणसे बसतात.

दुसरे चित्र 'टायगर मॉथ'चे. दोन पंख एकावर एक, त्यांच्यामध्ये लाकडी दांडे आणि ताणलेल्या तारा. हे विमान १९३१ साली प्रथम उडाले आणि पुढे आठ हजारांहून अधिक तयार झाली. दुसऱ्या महायुद्धापूर्वी आणि युद्धकाळात हजारो तरुण याच विमानावर शिकले. आपल्याकडील वैमानिकांच्या कित्येक पिढ्यांची मुळाक्षरेही त्यावरच गिरविली गेली. पंख लाकडाच्या सांगाड्याचे आणि त्यांवर कापड. त्या कापडावर एका प्रकारचे रोगण देतात. ते वाळले म्हणजे कापड ढोलाच्या चामड्यासारखे ताठ होते. चित्र जवळून पाहिले तर पंखाच्या बरगड्या कापडाखालून उठून दिसतात.

वरच्या पंखाच्या मधोमध जो फुगवटा दिसतो, ती पेट्रोलची टाकी. ती इंजिनाहून उंच असल्यामुळे पंपाची आवश्यकताच नाही. पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरते. वरचा पंख थोडा पुढे सरकविला आहे, तो पुढच्या बैठकीतील शिक्षकाला प्रसंगी हवाईछत्रीसह बाहेर पडता यावे म्हणून. पण पंख पुढे नेला की विमानाचा तोल बिघडतो. तो सावरावा म्हणून पंखांची टोके मागे झुकविली. एक गरज भागविताना दुसरी उभी राहते आणि यंत्राचा घाट त्यांतून ठरतो. हा घाट कोणी शोभेसाठी केलेला नाही, तरी तो डोळ्यांना गोड लागतो.

या दोन्ही चित्रांत विमानाचे नाक आकाशाकडे आणि शेपटी जमिनीवर आहे. यालाच वैमानिक अधिक भितात. हातगाडी पुढून ओढली तर ती मुकाट्याने मागे येते. मागून ढकलू लागलो की सारखी वाकडी जाऊ पाहते. शेपटीवर बसणाऱ्या विमानाचा भार मुख्य चाकांच्या मागे असतो. धावताना विमान जरा वाकडे झाले की तो मागचा भार पुढे येऊ पाहतो, आणि वैमानिकाने पायांनी सुकाणू तत्काळ सावरले नाही तर विमान जमिनीवरच गरकन फिरते. त्यातून नाक वर असल्याने समोरचे काहीच दिसत नाही. बाजूने डोकावत, नागमोडी चालत जावे लागते. पुढे तिसरे चाक नाकाखाली आले आणि ही भीती बरीचशी गेली. परंतु पाय जागे ठेवण्याची जी सवय या विमानांनी लावली, ती आम्हांला पुढे जन्मभर पुरली.

तिसरे चित्र आपल्या घरचे आहे. 'एचटी-२' हे शिकाऊ विमान बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात तयार झाले आणि ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम उडाले. त्याचे रचनाकार डॉ. विष्णु माधव घाटगे. जर्मनीतील गटिंगेन येथे प्रांटल यांच्यासारख्या थोर वायुगतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी अध्ययन केले होते. येथे कापड-लाकूड जाऊन धातूचा पत्रा आला. वरचा पंख गेला, तारा गेल्या. शेपटीचे चाक मात्र राहिले. स्वातंत्र्यानंतर चार वर्षांत आपल्या देशात आखलेल्या विमानावर आपली मुले शिकू लागण्याची तयारी झाली, ही गोष्ट त्या चित्राखाली मोठ्या अक्षरांत लिहावी अशी आहे.

चौथे चित्र डकोटाचे. मूळ डीसी-३ विमान १७ डिसेंबर १९३५ रोजी, म्हणजे राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणानंतर बरोबर बत्तीस वर्षांनी उडाले. २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे दिल्लीहून शीख रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीचे जवान श्रीनगरला गेले, ते डकोटांतून. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहेरसिंग यांनी जनरल थिमय्यांना घेऊन लेह येथे डकोटा उतरविला. ज्या मैदानावर तो उतरला ते समुद्रसपाटीपासून दहा हजार फुटांहून उंच. तेथे हवा विरळ. इंजिनाला श्वास कमी आणि पंखांना आधारही कमी. म्हणून विमान अधिक वेगाने उतरते आणि थांबावयास अधिक लांब पट्टी मागते. त्यातून डकोटाच्या खोलीत हवेचा दाब राखण्याची व्यवस्था नाही. जेवढे इंजिन धापा टाकते तेवढीच माणसेही. डकोटा उतरणीवर किती समंजसपणे वागतो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनाही हे चित्र पाहून हात जोडावेसे वाटतील.

आता ज्यासाठी हे सारे सांगितले, त्या गोष्टीकडे वळतो. बहुतेक जुन्या चित्रांत वैमानिकाचे नाव असते; पंख्याजवळ उभ्या असलेल्या माणसाचे नसते. टायगर मॉथला बटण दाबून चालू करण्याची सोय नव्हती. वैमानिक म्हणे, "स्विच ऑफ". खालचा मेकॅनिक तेच शब्द पुन्हा उच्चारी आणि मग पंख्याला हात लावी. "कॉन्टॅक्ट" म्हटले की खटका चालू, आणि मेकॅनिक पंख्याला झटका देऊन त्याच क्षणी मागे सरे. शब्द ऐकण्यात घोटाळा झाला तर हात गेला, कदाचित प्राणही. कापड शिवणारे, तारांचा ताण बोटांनी अजमावणारे, उतरल्यावर इंजिनाखालचे तेल पाहून दुखणे ओळखणारे, असे कितीतरी हात त्या विमानांमागे होते. आम्ही वर गेलो तो त्यांच्या विश्वासावर. वर्तमानपत्रांनी त्यांना विचारले नाही आणि चित्राखाली 'इतर कर्मचारी' एवढेच छापले.

विमाने जतन करता येतात. २०१८ साली एक डकोटा इंग्लंडात दुरुस्त होऊन 'परशुराम' या नावाने भारतीय वायुसेनेत पुन्हा दाखल झाला. परंतु चित्रातला चेहरा ओळखणारा शेवटचा मनुष्य गेला, की तो चेहरा कोणत्याही कारखान्यात दुरुस्त होत नाही. तेव्हा आमची विनंती अगदी साधी आहे. ज्यांच्या घरात विमानतळावर, कारखान्यात किंवा फ्लाइंग क्लबात नोकरी केलेले वडील माणूस असेल, त्यांनी जुनी चित्रे बाहेर काढावीत, त्यांच्याजवळ बसावे आणि हा कोण, तो कोण, हे विचारावे. नाव, गाव, साल आणि काम, एवढे चार शब्द मऊ पेन्सिलीने चित्राच्या मागे लिहावेत. शाई कागदात उतरते आणि चित्र बिघडते. विमानाचे नाव मागाहून पुस्तकात सापडेल. माणसाचे नाव तेथे सापडणार नाही. ते आजच विचारले पाहिजे.